ओकेचा नववा अर्थ

१४ जून

चि. ठकू,

आशीर्वाद. इकडे बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यावरच गेलाय. तुझी आई गेल्यापासून भांडायला कोणी नाही, म्हणून पंख्याशी भांडतो.

आमचा शब्दकोश ‘ओके’पाशी येऊन अडलाय. एवढासा शब्द, पण नुसता वैताग. होकार, परवानगी, ‘कळलं’, ‘आता पुरे’... नऊ अर्थ झाले तरी संपत नाहीत. मुळाचं तर विचारूच नकोस. जो तो म्हणतो, आम्ही याच्या बारशाला जेवलोय. खरं म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रवाल्यांनी ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून, त्याची आद्याक्षरं घेऊन केलेली थट्टा ती. थट्टा लोक विसरले, शब्द राहिला.

संपादकबाईंना नवव्या अर्थासाठी बोलण्यातलं उदाहरण हवंय. माझ्याकडे आहे. मी दिलेलं नाही.

आमच्या खात्याची रीत तुला ठाऊक आहे. कानावर पडलेलं वाक्य तिथल्या तिथे कार्डावर उतरवायचं. बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही. तीस वर्षांची खोड. गेल्या वर्षी तू फोन केलास, नवऱ्याचं घर सोडलंय म्हणालीस, चार दिवस येऊ का विचारलंस. मी म्हणालो, घाई करू नकोस, नीट विचार कर. तू म्हणालीस, “ओके, बाबा.”

आणि माझा हात आपोआप कार्डाकडे गेला. ‘अर्थ ९ : मनाविरुद्ध माघार. बोलणारी : स्त्री, वय ३४.’ तारीखसुद्धा घातली. तू फोन ठेवलास, आणि मी मेला इकडे खूश, की अर्थ अचूक लागला!

महिन्याने तू तुझी पुस्तकं न्यायला आलीस तेव्हा ते कार्ड टेबलावरच होतं. तू वाचलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. तेव्हापासून मी काहीही कळवलं की तुझं ओके येतं. औषध घेतलं, ओके. डोळे तपासले, ओके. संध्याकाळी फोन हातात घेऊन मी तेच परत परत वाचत बसतो.

कार्डाबद्दल माफी मागणं सोपं आहे गं. खरी गोष्ट वेगळी आहे. अर्थ मला त्याच क्षणी कळला होता. कळूनही मी ‘ये’ म्हणालो नाही. लोक काय म्हणतील याला घाबरलो, दुसरं काही नाही. फार लाज वाटते.

तुझ्या खोलीत दहा वर्षं माझ्या कार्डांचे खोके होते. काल हमाल लावून ते सगळे कचेरीत धाडले. पलंग झटकला, खिडकी आता उघडते. चार दिवस ये, चार वर्षं ये. किल्ली याच पाकिटात आहे. यापुढे ‘येऊ का’ असं विचारायचं नाही.

‘ये’ म्हणायला वर्ष लावलेला,
तुझा बाबा