पाठमोरं कलम

प्रिय मावशी,

फोनवर मी फार कोरडी बोलते असं तुझं म्हणणं असतं, म्हणून हे कागदावर.

तुझ्या वर्गाचा विमा मीच तुला घ्यायला लावला होता. 'अंगावरून वारं गेलेल्या माणसाला खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं ते मी घरच्यांना शिकवते. त्याला कसला गं विमा?' तुझ्या शिकवण्यामुळे कुणाला लागलं तर भरपाई कंपनी देते, असं मी सांगितलं. 'म्हणजे मी धडपडायला शिकवते,' असं म्हणत तू सही केलीस.

विमा कंपनीत जोखीम मोजणं हे माझं काम. पण ती तुझ्या उभं राहण्यात होती, हे मलाही दिसलं नाही. तू वर्गाकडे तोंड करून दाखवायचीस, 'खुर्ची या बाजूला.' समोरच्यांना ते आरशासारखं उलटं दिसायचं. तुझ्या वर्गातल्या त्या सूनबाईंनी घरी जाऊन खुर्ची सासऱ्यांच्या लुळ्या बाजूला लावली. ते पडले, मनगट मोडलं.

कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, अशी पॉलिसीत अट असते. ती मोडली तर कंपनी हात वर करू शकते, आणि विम्याशिवाय दवाखाना तुला हॉल देणार नाही. तू मात्र थेट त्यांच्या घरी जाऊन 'माझं शिकवणं चुकलं' असं सांगून आलीस. मग सगळ्या वर्गाला परत बोलावलंस. तुला थांबवायला मी आले, तेव्हा तू वर्गाकडे पाठ करून उभी होतीस. 'माझ्या मागे उभे राहा. माझा उजवा तो तुमचा उजवा. नाहीतर तेही विसरा, खुर्ची नेहमी धडधाकट हाताकडे.' कुणीतरी विचारलं, 'बाई, मागे आम्ही खिदळलो तर?' 'खिदळा, पण पेशंटला सोडू नका.' मी दारातूनच परत फिरले.

भरपाई द्यायची की नाही हे ठरवायला कंपनीत बैठक झाली, पण नात्यामुळे मला तिच्यात बसता येत नव्हतं. बाहेर बाकावर बसले. दगडाला पाझर फुटेल, पण आमच्या साहेबांना नाही. ते बाहेर आले आणि म्हणाले, 'तुझ्या मावशीने अट मोडली, यात वाद नाही. पण ती गप्प बसली असती तर आणखी किती जण पडले असते, ते मोजून सांग.'

तर निकाल असा. त्या सासऱ्यांची भरपाई कंपनी देणार. तुझा विमा चालू राहणार, वर्गही. शिवाय आरोग्य शिकवणाऱ्यांच्या पॉलिसीत आता एक नवं वाक्य येणार आहे: शिकणाऱ्यांना सावध करण्यासाठी स्वतःची चूक सांगणं हा अटीचा भंग नाही. त्याचा मसुदा मला करायला दिला. ऑफिसात त्याला सगळे 'पाठमोरं कलम' म्हणतात. आणि तुझ्या नावापुढे साहेबांनी स्वतः शेरा लिहिलाय, 'कमी जोखीम'. आमच्या खात्यात याहून मोठं कौतुक नसतं, मावशी. मीही तेच लिहिलं असतं.

तुझीच,
तू जिला मोजपट्टी म्हणतेस ती