धरणाऱ्याचं नाव

वोनोसारी,
मंगळवार, सकाळ

प्रिय पालुपी,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. पोस्टमन सायकलवरून उतरलाही नाही, कुंपणावरूनच ओरडला, "पाक वागिरान, युनिव्हर्सिटीचं पाकीट! या वयात नापास झालात की काय?" मी हसलो आणि चिंचेखाली बसून पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. तीन वर्षं तू तुझ्या बाबांचा प्रयोग नव्यानं करून पाहते आहेस. तीच झाडाची साल, तसाच काढा, तसेच पांढरे उंदीर. तरी काढा प्यायलेल्यांच्या रक्तात इन्सुलिन काही जास्त उतरत नाही. पाणी पाजलेले आणि काढा पाजलेले, दोघे सारखेच. पुढच्या महिन्यात दहा तारखेला समितीपुढे उभं राहायचं आणि हातात दाखवायला काही नाही. थोरल्या काकाला सांगावं तसं तू लिहितेस, "पाकदे, माझे हातच अपशकुनी आहेत. बाबांच्या हाताला आलं ते मला येत नाही. समितीनं नको म्हटलं की मी हे सगळं सोडून आईच्या बाटिकच्या दुकानात बसणार." हे वाचून मला दुपारचा भात गेला नाही. पत्राच्या शेवटी तू माझ्याकडे एक गोष्ट मागितली आहेस. तिच्याबद्दल मीही शेवटीच लिहितो. आधी लिहिली तर बाकीचं लिहायचं धैर्य उरणार नाही. चार दिवस लिहितो आहे आणि फाडतो आहे.

मी शिकलो चौथीपर्यंत, हे तुला ठाऊक आहे. आमचे गुरुजी पेरूच्या फांदीनं बाकावर ताल धरून पद्यं म्हणवून घ्यायचे. गणितात मी ढ, पण पद्यांच्या वेळी गुरुजी मला पुढे उभं करायचे. सगळ्या चालींत मला 'किनांती' आवडायची. हाताला धरून नेणारी चाल ती. लहानग्याला ओढ्यापार नेताना आई म्हणेल तशी सावकाश, पाऊल चाचपत जाणारी. शाळा सुटली, शेत सुटलं, लग्न झालं, पण ती चाल काही जिभेवरून उतरली नाही. तुझ्या बाबांच्या प्रयोगशाळेत झाडू मारायला लागलो तेव्हाही मी गुणगुणतच होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. झाडूवाल्याला! स्वादुपिंडाचा पापुद्र्याएवढा काप होता, गुलाबी समुद्रात फिकट ठिपके. "बघ वागिरान, ही बेटं. आपल्या देशासारखीच, मोजता मोजता माणूस थकेल. इन्सुलिन इथूनच नांगर उचलतं." मी विचारलं, "आणि त्याला अडवतं कोण, डॉक्टर?" तसे ते खो खो हसले. "अरे, तेच शोधायला तर सरकारनं मला ही खोली दिली आहे." त्या दिवसापासून मी त्या खोलीचा झालो.

मग ती साल आली. डोंगरातली माणसं मधुमेहावर तिचा काढा पितात, असं कुणी तुझ्या बाबांना सांगितलं आणि त्यांनी ध्यास घेतला. उत्तरेच्या खोलीत काढ्याचे उंदीर, दक्षिणेच्या खोलीत पाण्याचे. आम्ही दोन मदतनीस होतो, मी आणि सारपान. सारपान पूर्वी पलटणीत होता. चामड्याचा हातमोजा घालायचा, लवंगेची सिगारेट ओठात धरायचा आणि उंदीर शेपटीला धरून सपकन उचलायचा. काढा जहरासारखा कडू, त्यामुळे नळी दिसली की उंदीर पिसाळायचे. दुसऱ्याच दिवशी एकानं सारपानचा मोजा फोडला. मी मात्र उंदीर तळहातावर घ्यायचो, अंगठ्यानं कानामागे चोळायचो, किनांती म्हणायचो आणि तो निवला की मग नळी. सारपान दारातून बघायचा. "उंदीर आहेत की जावई रे? आता पाट मांड, वारा घाल!" डॉक्टर म्हणाले, "कडू पाजायचं काम वागिरानचं. पाणी काय, कुणीही पाजेल." अशी वाटणी झाली. ज्यानं पाजायचं, त्यानंच पुढे शेपटीच्या शिरेत ग्लुकोज द्यायचं आणि दहा मिनिटांनी रक्त घ्यायचं. वर्षभर आम्ही असंच केलं. यात काही वावगं आहे हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

इन्सुलिन मोजायची सोय तेव्हा इथे नव्हती. नमुने थर्मासमध्ये बर्फावर घालून आधी जकार्ताला जायचे, तिथून विमानानं हॉलंडला. उत्तर यायला दोन महिने लागायचे. उत्तरं आली तेव्हा काढ्याची रेघ टेकडीसारखी चढलेली आणि पाण्याची जमिनीला चिकटलेली. तुझे बाबा आलेखाचा कागद घेऊन अंगणात धावत आले होते, एका पायात चप्पल नव्हती. त्यांचा लेख परदेशी छापून आला. आमच्या गावातही त्यांचं नाव झालं.

त्यानंतर सारपानच्या पायाला गळू झालं आणि तो महिनाभर घरी बसला. त्या महिन्यात दोन्ही खोल्या मीच सांभाळल्या. पाण्याच्या उंदरांनाही तोच तळहात आणि तेच पद. दोन महिन्यांनी आकडे आले. पाण्याची रेघ काढ्याच्या रेघेइतकीच चढली होती. तुझ्या बाबांनी पान बराच वेळ पाहिलं. "थर्मास वाटेत तापला असणार," म्हणाले, आणि पानावर तांबडी फुली मारून ते टोपलीत टाकलं. मी केर काढताना ते उचललं. का उचललं, तेव्हा मला सांगता आलं नसतं. पुढच्याच आठवड्यात मी फळा पुसायला वर्गाच्या दारात उभा होतो आणि ते मुलांना शिकवत होते, "प्राणी घाबरला की त्याच्या अंगात अॅड्रेनलिन सुटतं आणि ते इन्सुलिनला अडवून धरतं. घाबरलेल्या जिवाचं स्वादुपिंड मुठीसारखं मिटतं." मला सारपानचा हातमोजा दिसला. काढ्यानं इन्सुलिन वाढत नव्हतं, पोरी. सारपानच्या भीतीनं पाण्याच्या उंदरांचं ते अडत होतं. वहीत उंदराचं वजन होतं, साखर होती, घड्याळाची वेळ होती. उंदीर कुणी धरला, ते कुठेच नव्हतं.

सांगायचं ठरवून मी तुमच्या घरी गेलो होतो. पान घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं. वाटेत वाक्य जुळवत होतो. डॉक्टरांशी मी नेहमी अदबीच्या बोलीत बोलायचो, आणि त्या बोलीत 'तुमचं चुकलं' हे म्हणायला जीभ वळतच नाही. बघतो तर घरात पाहुणे. तू पस्तीस दिवसांची झाली होतीस, म्हणून जेवण होतं. मधोमध पिवळ्या भाताचा शंकूसारखा ढीग, तुंपेंग, कमरेएवढा. भाताचा शेंडा कापून सगळ्यांत मानाच्या माणसाला द्यायचा असतो. विभागप्रमुख पुढे सरकून, मांडी ठीक करून बसले होते. तुझ्या बाबांनी शेंडा कापला, केळीच्या पानावर घेतला आणि सगळ्यांवरून नजर फिरवून दाराशी उभ्या असलेल्या माझ्यापाशी आले. "माझा लेख छापला जगानं, पण कडू पाजलं ते या हातांनी." सगळे हसले. तुझ्या आईनं तुला माझ्या हातात दिलं. "घे रे, हिलाही निवव जरा, सकाळपासून रडते आहे." मी किनांती म्हटली, तू गप्प झालीस. खिशातला कागद तुझ्या डोक्याखाली कुरकुरत होता. मी तो भात खाल्ला. कसा लागला, आजवर आठवत नाही.

त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. दुसऱ्या वर्षीही आलं असतं. मी निवृत्त होऊन गावी आलो तर इथल्या बाजारात ती साल जुड्या बांधून विकायला. विकणारी तुझ्या बाबांचं नाव घेऊन म्हणायची, "घ्या हो, डॉक्टर हार्सोयोंची साल आहे!" शेजारच्या बू तुमिराहला मधुमेह. तिनं इंजेक्शन बंद करून काढा सुरू केला. मी तिच्या अंगणात गेलो, पपयांची चौकशी केली, "यंदा फळ बरं धरलंय" म्हणालो आणि परत आलो. तीनदा असं झालं. मागच्या वर्षी तिचा एक पाय गुडघ्याखाली कापला. आता ती कुबडी टेकत येते आणि मलाच पपई देऊन जाते.

तुझे बाबा शेवटचे इस्पितळात होते तेव्हा मी गेलो होतो. तू नमुने घेऊन बांडुंगला गेली होतीस. त्यांनी मला पद म्हणायला लावलं. मी म्हणत असताना दोन बोटं स्वतःच्याच मनगटावर ठेवून डोळे मिटून मोजत होते. पद संपलं तेव्हा म्हणाले, "उतरली बघ नाडी." मग डोळे उघडून पुढे म्हणाले, "या औषधाचं नाव आपण कधी लिहिलंच नाही, वागिरान." एवढंच. त्यांना ठाऊक होतं की काय? ती तांबडी फुली मारताना ठाऊक होतं, की नंतर कधी कळलं? मी विचारलं नाही. तेव्हाही नाही. येताना त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर बाकावर बसून राहिलो.

आता तू मागितलेली गोष्ट. तू लिहिलंस, "पाकदे, आठवडाभर या. काढ्याचे उंदीर तुम्ही धरा, पूर्वीसारखे. प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, तुमच्या हाताला यश आहे." पोरी, मी खरंच पिशवी भरली होती. दोन सदरे आणि तंबाखू. कारण मला माहीत आहे, मी आलो तर रेघ चढेल. तुझी समिती टाळ्या वाजवेल, बाबांचं नाव राहील, तुझ्या आईला, त्यांना जाऊन हजार दिवस होतील तेव्हाच्या जेवणाला मान वर करून बसता येईल, आणि खरं कुणालाच कळणार नाही. शुक्रवारपासून मी त्या पिशवीकडे बघतो आहे. म्हणून हे पत्र. तुझे हात अपशकुनी नाहीत. तू दोन्हीकडचे उंदीर स्वतः धरतेस, सारख्या मायेनं, म्हणूनच दोघांत फरक येत नाही. तीन वर्षं तू खरं तेच मोजलं आहेस आणि त्यालाच अपयश म्हणून रडते आहेस. तांबड्या फुलीचं ते पान सोबत ठेवलं आहे, घडीवर जरा फाटलंय, जपून उघड. मी गुरुवारच्या बसनं येतो. पण काढ्याचेच उंदीर मला द्यायचे नाहीत. दोन्हीकडचे निम्मे मी धरीन, उरलेले दुसऱ्या कुणाला तरी हातमोजा घालून धरू दे. कुठला काढ्याचा आणि कुठला पाण्याचा, हे मला सांगायचं नाही, मी विचारलं तरी नाही. मी सगळ्यांना तेच पद म्हणेन. तुझ्या बाबांची रेघ खाली येईल तेव्हा मी तुझ्या शेजारी उभा असेन, समितीपुढेही. आईला काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू. मला अजून सुचलेलं नाही. तोवर तू एवढंच कर, वहीत एक रकाना जास्तीचा आख. धरणाऱ्याचं नाव. त्यातलं पहिलं नाव मी माझ्या हातानं लिहीन. अक्षर वाकडं येईल, पण वाचता येईल.

तुझाच,
वागिरान पाकदे