नऊ गुणांची बाटली

पप्पा, त्या बाटलीत आपल्या वाडीतली केळी होती. मी तेव्हा बरोबर बोलले होते. तुम्हांला जाऊन दहा वर्षं होऊन गेली तरी हे एक वाक्य तुमच्यापुढे ठेवायचं राहिलं होतं, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकते. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. नाही, चालणार नाही. पुढचंही वाचा, कारण त्या दिवशी तुम्ही मला बोलू दिलं नव्हतंत, आणि आता मध्येच तोडायला तुम्ही इथे नाही.

वर्षातले नऊ-दहा महिने तुम्ही बोटीवर. बोटीवरच्या बारमध्ये साहेबलोकांचे ग्लास भरता भरता तुम्ही दारू ओळखायला शिकलात, आणि सुट्टीवर आलात की ट्रंकेतल्या कपड्यांच्या घड्यांत गुंडाळलेल्या दोन-तीन बाटल्या निघायच्या, अमेरिकेतल्या कुठल्यातरी बंदरात घेतलेल्या. आपल्या गिरीज गावात तेव्हा बर्बन हा शब्द माहीत असलेलं घर आपलं एकच असावं. बाकीच्यांना व्हिस्की म्हणजे व्हिस्की. तुम्ही ओट्यावर बसून समजावून सांगायचात: ही मक्याची, ही नव्याकोऱ्या ओकच्या पिंपात मुरते, पिंप आतून जाळून काळं करतात, त्या जळक्या लाकडातून हा तांबूस रंग येतो, त्यातूनच व्हॅनिला येतो, करपलेल्या साखरेचा वास येतो. ऐकणारे तुमचे दोन दोस्त, एक निवृत्त मास्तर आणि एक पानमळेवाले काका. दोघांच्याही दारूच्या परमिटवर 'प्रकृतीसाठी' असं लिहिलेलं, आणि दोघांचीही प्रकृती फक्त रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर बिघडायची. आईने तळलेले बोंबील यायचे. ग्लासांवर बश्या झाकलेल्या असायच्या, वास उडू नये म्हणून. तुम्ही बशी उचलायचात, नाक आत घालायचात, डोळे मिटायचात, मग चमच्याने विहिरीच्या पाण्याचे दोन थेंब सोडून पुन्हा हुंगायचात. घोट लगेच गिळायचा नाही, जिभेवर फिरवायचा. मग वही उघडायची. रंग, वास, चव, शेवट असे चार रकाने आणि कडेला दहापैकी गुण. मास्तर सवयीने सगळ्यांना सहा द्यायचे.

ग्लास धुवायचं काम माझं. धुण्याआधी मी ते हुंगायचे, आणि कुठल्या ग्लासात कुठली बाटली होती ते मला कळायचं. तुम्ही एकदा मोरीच्या दारात उभे राहून हे पाहिलंत. मी बारा वर्षांची होते. मला वाटलं आता धपाटा बसणार, पण तुम्ही खिशातला रुमाल काढून माझ्या डोळ्यांवर बांधलात, हात धरून ओट्यावर नेलंत आणि तीन ग्लास एकापाठोपाठ माझ्या नाकाखाली धरलेत. तीनही मी बरोबर सांगितले. काका म्हणाले, "हिचं नाक हाय का कय हाय!" आणि तुम्ही इतके मोठ्याने हसलात की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. पुढच्या सुट्टीत तुम्ही मला एक ग्लास आणून दिलात, खाली फुगीर, वर निमुळता, बोटीवरचाच. तो अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही म्हणता आहात, "हा तुझा. प्यायचा नाही, फक्त हुंगायचा." आणि मी तो फ्रॉकच्या घेरात धरून घरभर फिरते आहे. एवढा आनंद मला पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या झग्यानेसुद्धा झाला नव्हता. हे लिहिताना राग येतो, कारण दिलंत ते तुम्हीच आणि काढून घेतलंत तेही तुम्हीच.

मी पंधराची झाले आणि तुम्ही म्हणालात, "आता पुरे. पोरीच्या जातीला हे शोभत नाही." माझ्या जागी ओट्यावर मोठे भावोजी आले, ताईचे नवरे. भावोजी भला माणूस, पण बर्बन आणि रॉकेल यांतला फरक त्यांना बाटलीवरचा कागद वाचूनच कळला असता. तुम्ही माझा तो ग्लास त्यांच्यापुढे ठेवलात. शोभत नाही म्हणजे काय, पप्पा? आपल्या घरात बाळंतिणीला चमचा चमचा केळ्याची दारू पाजायची, तेव्हा कुणी जात काढली नाही. आई वाळवून सुकेळी करायला न चालणारी जास्त पिकलेली राजेळी केळी बाजूला ठेवायची, आंबवायची, वाडीत मागच्या बाजूला भट्टी लावायची, आणि पहिल्या धारेचे चार थेंब तळव्यावर चोळून हुंगायची. ती परीक्षाच होती की. पण तिला वही नव्हती, आणि तिची बरणी कपाटात नाही, पलंगाखाली असायची.

मग ताईच्या पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा. तुम्ही एक बाटली त्या दिवसासाठी राखून ठेवली होतीत, सगळ्यांत जुनी, सगळ्यांत महाग. दुपारी जेवणाआधी ओटा भरलेला आहे. फादर येऊन आशीर्वाद देऊन गेले आहेत. तुम्ही बाटली उघडता, सगळ्यांना बोट बोट ओतता, बश्या झाकता, आणि मग बशी उचलून डोळे मिटता. "व्हॅनिला," तुम्ही म्हणता, "काय व्हॅनिला आहे! आणि मागून पिकलेलं केळं. लक्षात ठेवा, चांगल्या जुन्या बर्बनमध्ये केळं येतंच." काका म्हणतात, "केळा तर हाय खरा!" मास्तरांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आठ दिले. तुम्ही नऊ दिलेत. मी बोंबलाची ताटली घेऊन आले होते. ती ठेवताना भावोजींचा ग्लास, म्हणजे माझा ग्लास, माझ्या तोंडाशी आला, आणि त्यातून आपली ओसरी आली. मे महिन्यात सुकेळी वाळत घातलेली असतात तेव्हाची ओसरी. मी खोडी काढायला बोलले नाही, पप्पा. तुम्हीच शिकवलं होतंत की वास आला तर लगेच सांगायचा, विचार करत बसलं की वास पळतो. मी म्हणाले, "पप्पा, ही बर्बन नाही. ही आपली राजेळी आहे."

भावोजींनी ग्लास खाली ठेवला. तुमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. तुम्ही म्हणालात, "ग्लास धुवायला ठेवलंय तुला, नाक खुपसायला नाही." मी म्हणाले, "पण ती राजेळीच आहे." मग तुम्ही आईला हाक मारलीत. ती दारात आली, पदराला हात पुसत. तुम्ही विचारलंत, "ऐकलंस? तुझी पोरगी म्हणते मी लोकांना गावठी पाजतोय." आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "पोरीला कय कळते?" तेव्हा तुम्ही मला सगळ्यांची माफी मागायला सांगितलीत. मी मागितली नाही. मी भावोजींपुढचा ग्लास उचलला आणि त्यात होतं नव्हतं ते सगळं पिऊन टाकलं, उभ्या उभ्या, बाप्तिस्म्याच्या नव्या साडीत. घसा जळत होता आणि मला रडायचं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. बोटीवर गेलात. पुढच्या सुट्टीत आलात ते आजार घेऊनच, आणि मग बोललात, पण औषध दे, खिडकी लाव, एवढंच. मी औषध दिलं, खिडकी लावली. वाट पाहत होते की कधीतरी म्हणाल, काय गं, खरंच राजेळी होती का? एवढा प्रश्न विचारायला काही जीव जात नव्हता. तुम्ही विचारला नाहीत.

आता माझं ऐका. मी रसायनशास्त्र शिकले. अंधेरीला एका एसेन्सच्या कारखान्यात नोकरी करते. बिस्किटांत, सरबतांत घालायचे वास तिथे बनतात, आणि ते बाहेर जायच्या आधी माझ्या नाकाखालून जातात. मी नाही म्हटलं तर पिंपच्या पिंप परत पाठवतात. साहेब विचारत नाहीत की हे पोरीच्या जातीला शोभतं का. आणि रविवारी मिस्सानंतर माझ्या घरी आम्ही चौघी बसतो, मी आणि तीन मैत्रिणी, तुमच्याच वहीतले चार रकाने पुढे चालवत. एकीचा नवरा बोटीवर आहे, एकीचा भाऊ मस्कतला, त्यामुळे बाटल्या येतात. झाकायला बश्या तुमच्या वेळच्याच आहेत. ओट्यावरच बसतो, आतल्या खोलीत नाही. येणारे-जाणारे बघतात. एकदा भावोजी म्हणाले, "गावात चर्चा होते." मी म्हणाले, "होऊ दे, आणि माझा ग्लास परत करा." त्यांनी तो दाढीचा ब्रश ठेवायला वापरला होता, पप्पा. साबणाचा वास जायला आठवडा लागला.

गेल्या नाताळाआधी आई केकसाठी साखर करपवत होती. मी शेजारी बसून मनुका निवडत होते. पातेल्यातून धूर निघाला, साखर तांबडीकाळी झाली, तिने पाणी ओतलं, चर्र झालं, आणि ती अचानक हसायला लागली. म्हणाली, "बाटली मीनंच भरली ती." बाप्तिस्म्याआधी कपाट साफ करताना तुमची राखून ठेवलेली बाटली तिच्या हातून आडवी झाली होती. तुम्ही वास घ्यायला उघडून बूच नीट लावलं नव्हतंत. तळाला बोटभर राहिली. तिने पलंगाखालची बरणी काढली, बाटली भरली, रंगासाठी केकची करपलेली साखर घातली, आणि केकच्याच व्हॅनिला एसेन्सचे दोन थेंब. तुमची जळकी पिंपं आणि ओकचं लाकूड, सगळं आमच्या फडताळात होतं. मी विचारलं, "मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "मना भ्या वाटला. एवढी मानसं बसलेली." मग पातेलं उतरवत म्हणाली, "आणि नऊ दिले ना त्याने. ते कोण सोडते?" मला तिचा रागही आला आणि तिच्या गळ्यातही पडावंसं वाटलं. मी मनुका निवडत राहिले.

त्याच दिवशी ठरवलं की तुम्हांला लिहायचं, आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरीवरच्या झेंडूखाली पत्र ठेवून यायचं. तेव्हापासून मनात लिहितेच आहे. कागदावर यायला हा ऑक्टोबर उजाडला, आणि तेवढ्यात गेल्या रविवारची गोष्ट झाली. मैत्रिणीने त्याच नावाची बाटली आणली होती, तुम्ही राखून ठेवलेली तीच. आई आतून येऊन आमच्या टेबलाशी बसली, पहिल्यांदाच. म्हणाली, रुमाल बांध, बघू तुझं नाक. मी तोऱ्यात बांधून घेतला. तीन ग्लास आले. पहिला हुंगून बाजूला सारला, दुसराही. तिसऱ्यापाशी थांबले, चाखला, पुन्हा हुंगला, आणि म्हणाले, "ही. ही खरी. जळकं लाकूड आहे, व्हॅनिला आहे, लांब राहते. नऊ." मैत्रिणी खिदळायला लागल्या. रुमाल काढला तर आईच्या हातात ती पलंगाखालची बरणी, रिकामी. शेवटची होती ती, पप्पा. तिने मोरीत जाऊन ती तिसऱ्या ग्लासात ओतली होती, पुन्हा तीच साखर आणि तेच दोन थेंब घालून.

आणि माझ्या तोंडून निघालं, "तुला काय कळतं त्यातलं?" तिघी मैत्रिणींच्या देखत. आईचा चेहरा पडला. बरणी तिने मांडीवर घेतली.

मी लगेच उठले, तिचा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आई, चुकलं माझं. तूच जिंकलीस." अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही, पप्पा. एवढंच होतं ते. मला वाटायचं माफी मागायला पुष्कळ काही लागत असेल, म्हणून तुम्हांला जमलं नसेल.

पत्र कबरीवर ठेवणार नाही. पहिली ओळ वाचलीत तर मी जिंकले, पण तुम्ही शेवटपर्यंत वाचणार, आणि मग शेजारचा कुत्रा भुंकेल एवढ्या मोठ्याने हसणार. मी अजून तयार नाही त्याला. वहीत मात्र लिहून ठेवलं आहे, तुमच्या नऊच्या खाली, त्याच रकान्यांत. वास राजेळीचा, शेवट लांब, गुण नऊ. आणि पुढे कंसात, पेन्सिलीने: मलाही ओळखता आली नाही.