सपाट पाण्याचं गणित

आबा, लढाईतून तुम्ही रजेवर आलात तेव्हा तुमचं जहाज बुडाल्याचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. आष्ट्याच्या घरात आई भाकरी थापत होती आणि तुम्ही सहज सांगावं तसं सांगितलंत, की पाणबुडीनं जहाज फोडलं, तुम्ही काहीजण लहान होडीत तरलात, एक जहाज जवळून निघून गेलं आणि दुसऱ्यानं उचललं. मी घाबरले. मला धीर यावा म्हणून तुम्ही चुलीतला विझलेला कोळसा घेऊन जमिनीवर पृथ्वीचा गोल काढलात आणि एका खलाशानं शिकवलेला हिशेब मांडलात. डोळे पाण्यापासून जितके फूट उंच, त्याची दीडपट करायची, तिचं वर्गमूळ काढलं की तितके मैल नजर पोचते. होडीत बसलेल्याचे डोळे चार फुटांवर, म्हणजे जेमतेम अडीच मैल. डोलकाठीवरचा पहारेकरी शहाण्णव फुटांवर, म्हणजे बारा मैल.

"त्यो एवढं पाणी बघत असतोय," तुम्ही म्हणालात. "भ्यायचं न्हाई."

आईनं पाठमोरंच विचारलं, "आवं, मग पयल्या जहाजाला तुमी कसं दिसला न्हाई?"

तुम्ही कोळसा खाली ठेवलात. "लाटा व्हत्या. होडी लाटंच्या खाली गेली की कुणालाच काय दिसत न्हाई. ह्ये गणित सपाट पाण्याचं हाय." मग तुम्ही तो गोल हातानं पुसून टाकलात. तव्यावरची भाकरी करपली, तरी आईनं ती उलटली नाही.

रजा संपली. सांगलीच्या स्टेशनावर आईनं एवढंच विचारलं, "बोटीनंच जायाचं का?" तुम्ही "व्हय" म्हणालात. मग तुमची पत्रं थांबली. तेव्हा शाळेतून येताना मी मोकळ्या रानात थांबायचे. माझे डोळे जमिनीपासून चार फुटांवर, होडीतल्या तुमच्याइतकेच. अडीच मैलांपलीकडं काहीच नाही, असं वाटून मी घराकडं पळत सुटायचे.

लढाई संपल्यावर तुम्ही परत आलात, म्हातारे होऊन घरच्याच अंथरुणावर प्राण सोडलात. माझी भीती मात्र गेली नाही. हे पत्र कुणाला दाखवणार नाही. माझ्या नातवाला जहाजावर नोकरी लागलीय. बंदरावर सोडायला चल म्हणतो. गुडघे दुखतात म्हणून मी नाही म्हटलं. गुडघे ठीक आहेत, आबा.