नुसता ठिवलेला पाइप

बुधवार, वैशाख
वस्तीवरून, ता. सेलू

माय,

तुला अन् दादाला पाया पडते. मेंढरं कशी हायत? मी लय दिवस झाले झोपले न्हाई, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय, हसू नको. आमच्या घरावरचे पत्रे रातभर कुरकुर करत्यात. वारं नसलं तरी करत्यात. मी पडल्या पडल्या वरच बघत राहते. म्हणून झोप न्हाई. दुसरं काई न्हाई.

भक्ती बरी हाय. उशी लावली की बसती. खालून दात आलेत, ते माझ्या बोटाला लावून बघती. जावळ डोळ्यावर यायलंय, मी पिन लावली की ओढून काढती अन् तोंडात घालती. आत्याबाई चांगल्या हायत. भक्तीचे पप्पा बी चांगले हायत.

शेजारची कस्तुराबाई पाथरीला लेकीकडं जायलीय, तिच्याजवळ हे देते. तुमचा मेंढरांचा वाडा ज्यांच्या रानात बसलाय, त्यांचं घर तिच्या लेकीच्या घराला लागूनच हाय म्हणली. तिथं कोणी बी वाचून दाखवील. फोन काऊन केला न्हाई म्हणशील. फोन ह्यांनी घेतलाय. सांगते.

बिरदेवचं अन् ह्यांचं वास्तूच्या दिवशी काय झालं ते तुला अर्धंच मालूम हाय. तू तवा चुलीपाशी होतीस. सगळ्या सोयऱ्यांनी टॉवेल-टोपी आणली होती, अन् आपल्या बिरदेवनं पिशवीभर पत्रे आवळायचे हूक अन् वायसर आणले. तो परभणीला वेल्डिंगच्या दुकानात रोज पत्र्याचंच काम करतो, त्याला त्यातलंच सुचणार. आमची भावकी लय हसली. कोणतरी ह्यांचं नाव घेऊन म्हणलं, “हरिओम, मेव्हण्यानं आहेरात खिळे आणले, आता टोपीच्या जागी डोक्यात तेच ठोक.” हे बी हसले, पण ह्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात बिरदेवनं वर बघितलं. पत्रे नुसते पाइपांवर टाकलेले अन् वरून दगड मांडलेले. आमच्या वस्तीत सगळ्यांच्या घरावर तसेच हायत. तर हा सगळ्यांसमोर म्हणला, “दाजी, दगडानं घर झाकत न्हाईत. दगड मढ्यावर ठिवत्यात.”

अजून चुलीवर दूध उतू गेलं नव्हतं माय, अन् नव्या घरात हा शब्द. ह्यांनी त्याला हाताला धरून बाहेर काढलं. म्हणले, माझ्या उंबऱ्याला पुन्हा पाय लावायचा न्हाई. तो बी तसलाच, म्हणला, बोलावल्याबिगर येत बी न्हाई. पिशवी खुंटीला तशीच लटकत राहिली. त्याच्या मनात वाईट नव्हतं. तोंड वाईट हाय त्याचं, लहानपणापासनं.

मग पाडव्यानंतर वारं सुटलं, वरचा एक दगड गडगडत आला अन् खाली बांधलेल्या करडाच्या डोक्यात बसला. करडू जागीच गेलं. आत्याबाई म्हणल्या, बिरदेवचं तोंड लागलं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सेलूहून भाड्याची ड्रिल आणली, खुंटीची पिशवी काढली अन् वर चढले. मी खालून एकेक हूक द्यायची. भोक पत्र्याच्या उंच रेघंवर पाडायचं, खोलगट जागी न्हाई, न्हाईतर पाऊस त्यातनंच आत येतो. हूक खालच्या पाइपाला अडकवायचा, वर वायसर, वरून नट. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, लय खुशीत होते. दगड उतरवून मोरीला लावून टाकले. संध्याकाळी हात धुताना म्हणले, “आता तर झोप लागंल ना तुला?” माय, मला इतकं बरं वाटलं.

मलाच ऱ्हावलं न्हाई. म्हणलं बिरदेवला सांगावं, तुझा आहेर घराला लागला, आता राग सोड. शेळ्यांच्या मागं जाऊन फोन लावला. त्याला बी बरं वाटलं. मग त्यानं इचारलं,

“अक्का, पाइपाची टोकं भिंतीत गाडलीत का?”

मी म्हणलं मला काय म्हाईत. म्हणला, जाऊन बघ. मी बघून आले. टोकं भिंतीच्या माथ्यावर टेकवलीत, दोन्हीकडून विटा लावल्यात, वरून माती लिंपलीय. म्हणलं, “नुसता ठिवलाय.”

तो मग म्हणला, “आधी वारं आलं असतं तर एखादा पत्रा गेला असता. आता दाजीनं सगळं एकमेकाला आवळलंय. जाईल तर पाइपासकट समदं जाईल. अक्का, हे तर बांधून दिलंय वाऱ्याला.” पाइपाच्या टोकावरून गज वाकवून भिंतीत घालायचा अन् काँक्रीटनं गच्च करायचा, मग ते घराला धरतं, असं सांगायला लागला. तेवढ्यात हे माझ्या मागं उभे.

“माझं काम तपासून घ्यायलीस का त्याच्याकडून?” म्हणले. फोन घेतला. मारलं न्हाई, हात बी उगारला न्हाई. पण दिवसभर उन्हात तापल्या पत्र्यावर बसून केलेलं काम होतं ते, त्यांना तर असं वाटलं की मी त्यावर थुंकले. तवापासनं माझ्याशी कामापुरतं बोलत्यात. भावकीत कोणाचा फोन मागावा तर घटकाभरात ह्यांच्या कानावर जातं.

तर असं हाय माय. तू फिकीर करू नको, मी खुशाल हाय. दादाला भर उन्हात मेंढरामागं जाऊ देऊ नको. काळ्या मेंढीला काय झालं, कोकरू का कोकरी, ते कळव.

तुझी रुपाली

आता जे कोणी हे वाचायलेत त्यांना. मला तुमचं नाव मालूम न्हाई. मायला म्हणा पत्र संपलं. हितून पुढं मोठ्यानं वाचू नका, पाया पडते. मायला कळलं तर दादाला, माझ्या बापाला, कळंल, दादा काठी घेऊन येतील अन् माझं घर मोडंल. घर मोडून बी पत्रे तसेच राहतील.

भक्तीची झोळी त्याच पाइपाला बांधलेली असती. आमच्यात सगळ्यांची तशीच असती, घरात दुसरं हाय काय बांधायला.

मागल्या शुक्रवारी दुपारी वावधान आलं, एकदम सोसाट्याचं वारं. मी बाहेर वाळलेली धुणी ओढायली होते. दार उघडं होतं. आवाज झाला म्हणून वळले तर पत्रे अन् भिंतीच्या मधी उजेड दिसला. पाइप वर गेला. झोळी बी वर गेली. मी पळत जाऊन हात वर केला तर झोळीचं बूड माझ्या हाताला लागलं न्हाई. रोज ते माझ्या कमरेला लागतं. वर पोचलेच न्हाई मी. पत्रे, पाइप अन् माझं लेकरू, सगळं एकदम उचललं, कोणी झाकण उघडून आत बघावं तसं, अन् परत खाली बसलं. एक वीट पडली. भक्ती जागी बी झाली न्हाई.

मी ह्यांना सांगितलं. ते वर चढले, एकेक हूक ओढून बघितला. म्हणले, बघ, सगळं एक झालंय, तीळभर हालत न्हाई. पडलेली वीट माती लावून परत बसवली. मी म्हणलं, मी डोळ्यानं बघितलंय हो. तर म्हणले, “तुला तुझ्या भावाचा शब्द खरा करायचाय.” तो शब्द मढ्याचा होता.

आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, लेकरावरून लिंबू उतरवला, अन् लिंबू-मिरची बांधली ती बी त्याच पाइपाला.

मी घरी असले की तिला मांडीवरून खाली ठिवत न्हाई. पण रोज मजुरीनं धसकटं येचायला जावंच लागतं. जाताना झोळी लिंबाच्या झाडाला बांधते, अन् माझी पाठ फिरली की आत्याबाई ती सोडून आत नेत्यात. म्हणत्यात, उन्हानं लेकरू सुकंल, बाहेरचं काई लागंल. त्यांचा बी जीव हाय तिच्यावर, वाईट न्हाईत त्या. रानात मी आभाळाकडंच बघत राहते. मालक म्हणतो, रुपाली, धसकटं खाली हायत, वर न्हाईत. बाया हसत्यात. मी बी हसते.

आता एकच वाट हाय. जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढत्यात. परवा आत्याबाई स्वतःहून म्हणल्या, मामाला बोलवावं लागंल. हे जेवायले होते. नको म्हणले न्हाईत, नुसती भाकर मोडत बसले. नको म्हणायचं असतं तर लगेच म्हणले असते, मला मालूम हाय.

तर बिरदेवला फोन लावा. नंबर कागदाच्या मागं लिहिलाय. त्याला म्हणा, अक्कानं जावळाला बोलावलंय, हेच बोलावणं समज. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहा, नारळ फोड अन् तो शब्द माघारी घे. दाजीच्या पाया पड, तू धाकटा हायस. आल्या आल्या पाइपाचं काढू नको. गज अन् सिमेंट गाडीतच राहू दे. आधी भाचीला मांडीवर घे. मग झोळीकडं बघ, अन् झोळीच्या दोरीनं वर बघत जा. काई बोलू नको. दाजी तुझ्याकडंच बघत असतील, ते बी वर बघतील. त्यांना कळंल. त्यांच्या हातानंच करून घे, तू नुसता गज दे.

शब्द मागं घ्यायला लाजला तर त्याला शुक्रवारचं सांगा. न्हाई तर सांगू नका.

सेलूच्या अंगानं आभाळ काळं यायलंय. कस्तुराबाईची जीप फाट्यावर उभी हाय. मायनं इचारलं तर म्हणा, लेकीनं भावाला जावळाला बोलावलंय. ते खोटं न्हाई.

रानात रेंज नसंल तर रोडवर येऊन लावा. उद्या लावू म्हणू नका. कागदाची घडी नंतर घाला, आधी माझ्या भावाला फोन लावा.

भक्तीची माय