हीटर बंद केला तर वर्ध्यापर्यंत

नागपूर,
५ डिसेंबर २०२४

चि. बाबाराव यास,
रुखमाबाईचे आशीर्वाद व सप्रेम जयभीम.

तुझे कान गेल्यापासून फोन म्हणजे मी इकडून ओरडते अन् तू तिकडून काहीच न ऐकता 'हो हो' म्हणतोस. म्हणून लिहिते. माझं हृदय थकलं म्हणतात. तुझी भाची मोनाली मला सांगत नाही, पण डॉक्टरशी दाराबाहेर बोलून आली की त्या दिवशी भाजीत मीठ विसरते.

एकदा येऊन जा. माझ्याच्यानं आता फुलसावंगीचा प्रवास होत नाही. भावंडांत आपण दोघंच उरलो. बाकीच्यांना मला प्रत्येक गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, तुला सांगावी लागत नाही.

तुझ्या संघदीपनं विजेची गाडी घेतली म्हणे. टॉर्चसारखे सेल घालून चालवता का? तुझ्या दम्याला यष्टीचे धक्के नकोत, त्याच गाडीनं ये.

लोभ आहेच, तो घेऊन समोर येऊन बस.
तुझी ताई


फुलसावंगी,
१४ डिसेंबर

ती. ताईस,
बाबारावचा सविनय जयभीम वि. वि.

सेल घालत नाहीत गं, मोबाइलसारखी चार्ज करावी लागते. दिवाळीत संघदीपनं मला यवतमाळला नेऊन आणलं, तरी चार्जिंग उरलं होतं. गाडीला आवाज नाही म्हणतात. मला तर कोणत्याच गाडीला नाही.

पण थंडी पडली तशी तीच गाडी, तोच रस्ता, अन् परतताना आर्णीच्या पुढं पोराचा जीव टांगणीला. गारठ्यात बॅटरी आखडते म्हणतो. त्यात आतला हीटर लावला की तोही बॅटरीतूनच खातो. माझ्या छातीला हीटर लागतो, म्हणजे गाडीतला सगळ्यात खादाड माणूस मीच.

त्याचं म्हणणं, संक्रांत होऊ द्या, ऊन तापू द्या. मी विचारलं, "तुही आत्या उनाची वाट पाहून राह्यली का?" त्यानं मोबाइलवर चार्जिंगच्या जागा शोधायला घेतल्या. येत्या २२ तारखेला, रविवारी निघतो. यवतमाळला चार्ज करायची, मग वर्ध्याला, मग तुझं दार. माझा चहा साखरेचा ठेव, मोनालीला सांगू नकोस.

भेटीत जास्त बोलू.
तुझा बाबाराव


यवतमाळ,
२७ डिसेंबर

प्रिय मोनालीताई,
संघदीपचा जयभीम.

परवा फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

रविवारी निघालो तेव्हा गाडीच्या काचा दवानं पांढऱ्या होत्या. बाबांसाठी घरापासूनच हीटर पूर्ण जोरात चालू होता. यवतमाळ येईपर्यंत बॅटरी तळाला गेली. तिथलं एक मशीन बंद, दुसऱ्यावर रांग, आणि गार बॅटरी चार्जही हळू घेते. अर्धी भरली नव्हती, तोवर बाबा खुणा करू लागले, चल म्हणून.

कळंबच्या पुढं बॅटरीचा आकडा रस्त्यापेक्षा भराभर उतरायला लागला. हीटर बंद केला तर वर्धा गाठता येत होतं. चालू ठेवला तर फक्त मागं फिरून यवतमाळ. बाबांना मी ते बोटांनी समजावलं. त्यांनी स्वतः हात लांबवून हीटर बंद केला, अंगावर चादर आणि माझं जॅकेट ओढून घेतलं आणि समोर पाहत बसले. थोड्या वेळानं त्यांची छाती वाजायला लागली. मग ओठ निळे दिसले. मी गाडी हळू केली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "नको वळवू. मले काही नाही झालं. मले ताईले पाह्यचं हाय."

मी हीटर लावला आणि गाडी वळवली. तेव्हापासून बाबा इथं दवाखान्यात आहेत. धोका टळला म्हणतात.

बुधवारी तू कळवलंस, आत्या गेली. बाबांना ते मला कागदावर लिहून दाखवावं लागलं. त्यांनी वाचलं आणि भिंतीकडे तोंड केलं. नर्सच्या हातून जेवतात, माझ्या हातून नाही. ताई, मी काय करायला पाहिजे होतं?

राग असला तरी लोभ असू दे.
संघदीप


नागपूर,
३० डिसेंबर

ती. मामांस,
मोनालीचा सविनय जयभीम.

संघदीपचं पत्र मिळालं. त्याला फोन केला, पण जे सांगायचं ते तुम्हालाच आहे.

रविवारी आई सकाळपासून धुतलेलं पांढरं लुगडं नेसून खिडकीशी बसली होती, हे तुमच्यापासून लपवत नाही. दुपारी संघदीपचा फोन आला. मी तिला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "पोरानं बरं केलं. भावाची माती माह्या दारात आली असती, तर मी कोणाले तोंड दाखवलं असतं?" आणि नंतर उशीत तोंड घालून रडली. तिला दोन्ही गोष्टी वाटत होत्या मामा, मी एकच सांगितली तर खोटं होईल.

संघदीपशी बोला. आईचा जलदान विधी १२ जानेवारीला ठेवला आहे. तब्येत सांभाळून काय ते ठरवा.

आई नसली तरी या घरावर लोभ राहू द्या.
तुमची मोनाली


फुलसावंगी,
८ जानेवारी २०२५

चि. मोनालीस,
बाबारावचे आशीर्वाद व जयभीम.

घरी आलो आहे. थंडी सरेपर्यंत उंबऱ्याबाहेर जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणजे ताईच्या जलदानालाही मी नाही. संघदीप यष्टीनं येईल. गाडी अंगणात आहे, तिच्यावर त्यानं ताडपत्री टाकली, आता तिकडे पाहतही नाही.

तुझं पत्र वाचून मी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, "तू बरं केलं, हे माह्या तोंडून निघणार नाही. पण तुह्या जागी मी असतो, तर मीही वळवली असती." त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. त्याचं रडणं मला ऐकू आलं नाही, गुडघ्याला कळलं. तो आता माझ्याशी बोलतो, मीही बोलतो. आमच्या दोघांत ताईचं नाव मात्र अजून कोणी काढत नाही.

ताईची पत्रं आणणारा पोस्टमन भावसिंग गल्लीत आला की मान खाली घालून सायकल पुढं काढतो. त्यानं तरी काय करावं? तुझ्या कामातून सवड झाली तर दोन ओळी टाकत जा. नुसतं हवापाणी लिहिलंस तरी चालेल.

तुझा मामा,
बाबाराव