एकशे साठ व्होल्ट

४ डिसेंबर १९९०

निशाचं बाळ आज सकाळी मुंबईला हलवलं. उरणजवळच्या करंजाची निशा, पहिलटकरीण, आठव्या महिन्यातच मोकळी झाली. मुलगा, अठराशे ग्रॅम. तीन दिवस काचेच्या पेटीत, उबेला ठेवला होता. काल संध्याकाळी सातला हात लावला तर पावलं गार. पेटीचं बटण चालू, लाल दिवाही लागलेला — आत मात्र ऊब नाही. कापसात गुंडाळून छातीशी धरला आणि डॉक्टरांना बोलावलं.

डॉक्टर निशाच्या सासूसमोर म्हणाले, "सिस्टरनी पेटी चालूच केली नसणार."

सासू, चंद्रावतीबाई, माझ्याकडे वळल्या. "तुमी बटन दाबलंच नाय ना, बाय?" आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणून जास्त लागलं.

दाबलं होतं. एकोणीस वर्षं हेच काम करते आहे.

५ डिसेंबर

डॉक्टरांनी लेखी खुलासा मागितलाय. पाय सुजलेत. लिहवत नाही.

७ डिसेंबर

बाळ गेलं. दुपारी मुंबईहून फोन आला. डॉक्टरांनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणी काही विचारलं तर तुम्ही बोलायचं नाही."

घरी लेकीनं, अनुयानं, खिचडी लावली होती. दोन घास खाल्ले.

९ डिसेंबर, रविवार

अनुयाची दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली. दिवेलागणीला वह्या घेऊन बसली, तर ट्यूब नुसती फडफडतेय. "व्होल्टेज नाही, आई. रोज याच वेळी जातं," म्हणाली आणि बल्ब लावला. तोही पिवळा, आजारी.

मी भाजी चिरत होते. हात थांबला.

"व्होल्टेज कमी असलं तर आमची पेटी तापेल का गं?"

"कमी तापेल."

"आणि तिचा लाल दिवा?"

"तो लागेल की. त्याला कितीशी वीज लागते?"

मग म्हणाली, "पेटीवर काय लिहिलंय ते उतरवून आण. गणितच करू."

१० डिसेंबर

पेटीमागे पत्र्याची पट्टी आहे. इतक्या वर्षांत कधी वाचली नव्हती. २३० व्होल्ट, २ अँपिअर.

अनुयानं समजावलं. व्होल्टेजला करंटनं भागायचं — एकशे पंधरा ओहम. हा आतल्या तारेचा विरोध, तो जवळजवळ तेवढाच राहतो. आणि दोन्हींचा गुणाकार केला की वॅट — चारशे साठ. तीच ऊब. लहानपणी मी तिला पाढे शिकवले, तसंच हळूहळू सांगत होती. एकदा चुकले तर हसलीसुद्धा नाही.

आता संध्याकाळी प्रत्यक्ष किती येतं ते हवं.

१२ डिसेंबर, बुधवार

बुधवारी संध्याकाळी डॉक्टर कामोठ्याला जातात. पेटी रिकामीच होती. दवाखान्याखाली पंपाच्या मोटारींची तार गुंडाळून देणारे उदयसिंह आहेत, त्यांना मीटर घेऊन बोलावलं. दुपारी एकदा आले, सातला पुन्हा आले.

दुपारी २२५ व्होल्ट, करंट दोनपेक्षा थोडा कमी. संध्याकाळी १६० व्होल्ट, १.४ अँपिअर.

"सिस्टर, ही तर अर्धीपण चालत नाय," उदयसिंह म्हणाले.

केसपेपरच्या पाठीवर स्वतः गणित केलं. १६० भागिले १.४ — एकशे चौदा. म्हणजे तार धड आहे. १६० गुणिले १.४ — दोनशे चोवीस. तीनदा करून पाहिलं. व्होल्टेज एक तृतीयांशसुद्धा घटलं नव्हतं, आणि ऊब निम्म्याच्याही खाली.

अशा पेटीत मी ते बाळ ठेवलं होतं. आणि निशाला सांगितलं होतं, निवांत झोप.

१३ डिसेंबर

डॉक्टरांपुढे कागद ठेवला.

"तुम्ही इलेक्ट्रिशियन कधी झालात, सिस्टर?"

मी कागद आणखी पुढे सरकवला. उभी राहिले. मग त्यांनी पेन काढलं, स्वतः गुणाकार केला. चष्मा काढून डोळे चोळले.

"स्टॅबिलायझर मागवतो. खुलासा नको तुमचा. करंजाला मी निरोप पाठवतो."

अनुयाला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "झोप आता." दहा दिवसांनी धड झोपले.

१७ डिसेंबर

स्टॅबिलायझर आला. चंद्रावतीबाई कागदपत्रं न्यायला आल्या होत्या. माझ्या शेजारी बाकावर बसल्या.

"डाक्टरांनी निरोप धाडला. लायटीचा दोष व्हता म्हंतात. तुमाला मी उगाच बोलले, बाय." माझा हात धरला.

निशा कशी आहे, विचारलं.

"तिला दूध येतंय. त्याचं काय करायचं सांगा."

दूध आटायला छातीला पट्टा कसा बांधायचा ते सांगितलं. हेच सांगता आलं.

१९ डिसेंबर

स्टॅबिलायझरचं गॅरंटी कार्ड पेटीच्या फाइलीत लावायला गेले. आत मेकॅनिकचा कागद होता, मे महिन्यातला. 'संध्याकाळी व्होल्टेज फार कमी. स्टॅबिलायझर लावल्याशिवाय पेटी वापरू नये. डॉक्टरांना कळवावे.' खाली मिळाल्याची सही.

माझी.

मेमध्ये बाकीच्या दोघी सिस्टर रजेवर होत्या, महिनाभर मी एकटी. हा कागद हातात घेतल्याचं आठवत नाही. वाचल्याचंही नाही.

डॉक्टरांना अजून दाखवलेला नाही. पर्समध्ये ठेवलाय. उद्या सकाळच्या एस.टी.नं उरण, तिथून करंजा. आधी निशाच्या हातात देणार.